‘स्ट्रगल’ : एका क्रियापदाची उलटतपासणी



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय आपल्या डोळ्यांसमोर येतात. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून व्यासपीठावर विद्वानाने बसावे आणि खाली आपण बसावे, असा रिवाज आहे. आज चालकांनी तो मोडला. मी दहावीनंतर शाळा सोडलेला, धाटावच्या कारखान्यांत पिपे ढकललेला आणि पुढे युनियनच्या कामाला लागलेला माणूस. त्यातून विषय निवडला तो एका इंग्रजी क्रियापदाचा. ते क्रियापद म्हणजे ‘स्ट्रगल’. युनियनवाल्याने बोनसवर बोलावे, ही भाषेची उठाठेव त्याला कोणी सांगितली, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. ती उठाठेव मला आरोपपत्रांनी सांगितली. कामगाराच्या हातात पडणारे आरोपपत्र बहुधा इंग्रजीत असते आणि त्याची नोकरी पुष्कळदा त्यातल्या एका क्रियापदावर टांगलेली असते. मी इंग्रजी शिकलो ते असे, एकेका क्रियापदाच्या मागे लागून. पदपथावर विकत घेतलेला एक कोश आणि मोलस्वर्थसाहेबांच्या १८५७ च्या मराठी कोशाचे पुनर्मुद्रण, ही माझी दोन विद्यापीठे.

प्रथम या शब्दाचे गोत्र पाहू. ‘स्ट्रगल’ चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. त्याचे मूळ कोणते याबद्दल कोशकारांत एकमत नाही. पण त्याचे भाऊबंद मात्र चटकन ओळखू येतात. ‘रेसल’ म्हणजे कुस्ती खेळणे, ‘स्कफल’ म्हणजे झटापट करणे, ‘टसल’ म्हणजे ओढाताण करणे, ‘जॉसल’ म्हणजे गर्दीत कोपर मारीत रेटणे. या सर्वांच्या शेवटी एक ‘ल’ आहे. तो उगाच नाही. एखादी क्रिया पुन्हा पुन्हा, लागोपाठ होते हे सांगण्यासाठी जुन्या इंग्रजीत तो लावीत. ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी. तिला ‘ल’ लागला की ‘स्पार्कल’, म्हणजे चमचमणे. ‘क्रॅक’ म्हणजे तडकणे. ‘क्रॅकल’ म्हणजे तडतडणे. ‘रेस्ट’ नावाचा एक शब्द आहे, विसाव्याचा नव्हे, दुसरा, त्याचा अर्थ मुरगळून हिसकावणे; एकमेकांना असे वारंवार मुरगाळू लागले की झाले ‘रेसल’. (या ‘रेसल’च्या स्पेलिंगात सात अक्षरे आहेत. त्यांतला आरंभीचा डब्ल्यू, मधला टी आणि शेवटचा ई यांचा उच्चारच होत नाही. बदली कामगारांसारखे ते तिघे रोज हजर असतात, पण हजेरीपटावर त्यांचे नाव नसते.)

आता गंमत पाहा. इंग्रज जेथे ‘ल’ लावतो तेथे मराठी माणूस शब्द दुणा करतो. चमचमणे, तडतडणे ही उदाहरणे आत्ताच आली. मारामारीच्या प्रांतात तर आपण दुप्पट बोलल्याशिवाय राहतच नाही. रेटारेटी, खेचाखेची, हाणामारी, धक्काबुक्की, ओढाताण, झटापट, बाचाबाची, आणि स्वतः मारामारी. या दुणेपणात एक अर्थ दडलेला आहे. मारणे हे एकट्याचे काम. मारामारीला दोघे लागतात. मी तुम्हांला मारले, तुम्ही मला मारले, तेव्हा ती मारामारी. तुम्ही गप्प उभे राहिलात आणि मीच मारीत सुटलो, तर ती मारहाण. हा भेद आपल्या घरातल्या म्हातारीलाही कळतो. व्याकरण तिला कोणी शिकवलेले नसते.

शब्दांबरोबर आपण जी क्रियापदे वापरतो तीही पाहण्यासारखी आहेत. आपण लढा देतो, झुंज देतो, टक्कर देतो, झोंबी मात्र घेतो, कुस्ती खेळतो, मारामारी करतो, आणि मार खातो. म्हणजे देणे, घेणे, खेळणे, करणे आणि खाणे, असा सगळा संसार यात आला. इंग्रजाचे ‘स्ट्रगल’ हे एकटेच यांतली बरीच कामे करते. म्हणूनच ते मराठीत आणताना हात भाजतात.

याचा अनुभव एका चौकशीत आला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिसरी पाळी सुटली होती आणि गेटवर झडती चालू होती. झडतीबद्दल आमची तक्रार नाही; रसायनाच्या कारखान्यात ती असावयाचीच. एका कामगाराने डबा उघडून दाखविला, पिशवीही दाखविली, पण वॉचमनला खिशातले पाकीटही उघडून पाहिजे होते. त्यावरून बाचाबाची झाली. वॉचमनने त्याचे मनगट धरले. त्याने हिसका दिला. फरशी ओली होती. वॉचमन पडला आणि त्याचे कोपर खरचटले. तिसऱ्या दिवशी कामगाराच्या हातात दोन कागद आले. इंग्रजी कागदात लिहिले होते की, तुम्ही वॉचमनबरोबर ‘स्ट्रगल’ केले आणि त्यात त्याला दुखापत झाली. मराठी कागदात होते, ‘तुम्ही वॉचमनशी मारामारी करून त्यास जखमी केले.’ दोन्ही कागदांवर तारीख एक, सही एक, जावक क्रमांक एक.

आपण म्हणाल, यात मोठासा फरक तो काय? फरक नोकरीएवढा आहे. इंग्रजीत गळाला लागलेला मासा ‘स्ट्रगल’ करतो. आईच्या कडेवरून उतरू पाहणारे मूल ‘स्ट्रगल’ करते. दोरीने बांधलेला माणूस ‘स्ट्रगल’ करतो. यांपैकी कोणी कोणाला मारलेले नाही. उलट, हे क्रियापद पुष्कळदा धरणाऱ्याचे नसून धरलेल्याचे असते. सुटण्यासाठी अंग झाडणे, हातपाय मारणे, हिसका देणे, हे त्याचे शरीर. मराठीत याला धडपड म्हणतात. म्हणजे इंग्रजी कागद म्हणत होता की हा माणूस धडपडला, आणि मराठी कागद म्हणत होता की याने मारले. कामगाराने सही केली ती मराठी कागदावर, कारण त्याला तोच वाचता येत होता.

चौकशीत कामगाराचा बचाव करण्याचे काम माझ्याकडे होते. चौकशी अधिकारी वकील होते, सभ्य गृहस्थ. मी कोश टेबलावर ठेवला, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘हे युनियनचे काम की शाळामास्तरांचे?’ मी म्हटले, ‘साहेब, मास्तरांनी त्यांचे काम पुरे केले असते तर माझ्यावर ही पाळी आली नसती.’ मग मी दोनच मुद्दे मांडले. पहिला असा की, मारामारी एकट्याला करता येत नाही; या कामगाराने मारामारी केली असेल तर वॉचमननेही केली; मग आरोपपत्र एकच कसे? दुसरा मुद्दा मी मांडला नाही, तो वॉचमनच्या तोंडून आला. मी त्याला विचारले, ‘आधी कोणी कोणाला धरले?’ तो माणगावकडचा साधा माणूस. म्हणाला, ‘मीच धरला हात. तो सोडवीत होता.’ मी विचारले, ‘त्याने तुम्हांला मारले का?’ म्हणाला, ‘मारला नाय. हिसकला.’ एवढ्या दोन शब्दांत त्याने माझ्या कोशाचे सारे पान सांगून टाकले. या वॉचमनबद्दल मला आजही आदर आहे. त्याचीही नोकरी होतीच की.

निकाल लागला तो असा : बडतर्फी टळली, पण बेशिस्त वर्तनाबद्दल चार दिवसांचे बिनपगारी निलंबन झाले. झडतीस पूर्ण सहकार्य दिले नाही, हे तर खरेच होते. आम्ही ते चार दिवस मान्य केले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमच्या माणसाने खरोखरच हात उचललेला असेल, तेव्हा मी कोश घेऊन जात नाही. त्या वेळी मी त्याला माफी मागावयास लावतो आणि शिक्षा कमी करून घेण्यासाठी भांडतो. जो संघटक प्रत्येक ठोशाला धडपड म्हणू लागतो, त्याचे खऱ्या धडपडीच्या वेळीही कोणी ऐकत नाही.

त्या कारखान्याने यातून धडा घेतला. पण आम्हांला अपेक्षित होता तो नव्हे. पुढच्या आरोपपत्रांतून ‘स्ट्रगल’ नाहीसे झाले आणि ‘असॉल्ट’ आले. म्हणून आता थोडे त्याच्याकडे वळू. ‘असॉल्ट’ला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३५१ व्या कलमात तो होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या १३० व्या कलमात तो आहे. सरकारी मराठीत त्यास ‘हमला’ म्हणतात. आणि या हमल्यात स्पर्श लागत नाही! समोरच्याला आता आपल्यावर बळ वापरले जाईल असे वाटेल, अशा हेतूने किंवा अशा जाणिवेने मूठ उगारली, तरी पुरे. नुसत्या शब्दांनी हमला होत नाही, पण शब्दांनी हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो. आता रोह्याच्या बाजारपेठेत उभे राहून कोणालाही विचारा, ‘अमक्याने तमक्यावर हमला केला’ म्हणजे काय? तो पहिला प्रश्न विचारील, ‘कितपत लागले?’ लोकांच्या मराठीत हमला रक्ताशिवाय होत नाही, आणि कायद्याचा हमला बोट न लावताही पुरा होतो. म्हणजे एके ठिकाणी इंग्रजी शब्द सौम्य आणि मराठी कडक, तर दुसऱ्या ठिकाणी नेमके उलट. म्हणूनच भाषांतर हे कारकुनाच्या उरलेल्या वेळाचे काम नव्हे, असे मी म्हणतो. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने या गोष्टीची थोडी दखल घेतली होती. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, गेटजवळ फलकावर लावलेच पाहिजेत, असे त्यात होते. तो कायदा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. पण फलकावरचे दोन मजकूर एकमेकांशी जुळतात की नाही, हे शेजारी उभे राहून वाचणारा कोण? मी पाहिलेल्या काही फलकांसमोर तर सायकली लावलेल्या असत.

कधीकधी शब्द उलट दिशेनेही गेला आहे. ‘घेराव’ आपल्याकडचा, बंगालच्या कारखान्यांतून १९६७ च्या सुमारास तो इंग्रजी वर्तमानपत्रांत शिरला, आणि घेराव म्हणजे नेमके काय, हे कलकत्ता उच्च न्यायालयाला ठरवावे लागले. पुढे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटनाविषयक कायद्यात, संघटनांच्या अनुचित प्रथांच्या यादीत, तो त्याच रूपात बसला आहे. इंग्रजाला त्याच्यासाठी स्वतःचा शब्द सापडला नाही, हे आमच्या पदरी पुण्य म्हणावे की पाप, ते आपण ठरवा.

येथवर अंगाच्या झटापटीचे झाले. पण ‘स्ट्रगल’ची खरी करामत अशी की, तो शब्द अंगावरून उठून विचारांत जाऊन बसला. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणास जे नाव दिले त्यात हाच शब्द आहे. मराठीत त्याचे ‘जीवनार्थ कलह’ असे भाषांतर रूढ झाले. मी प्रथम ते वाचले तेव्हा मला वाटले की, सारी सृष्टी भाऊबंदकीत बुडालेली आहे. पुढे मूळ प्रकरण कोश घेऊन महिनाभर वाचले. डार्विन तेथे स्वतःच बजावतो की, हा शब्द मी ऐसपैस आणि आलंकारिक अर्थाने वापरतो. दुष्काळात दोन कुत्रे अन्नासाठी एकमेकांवर तुटून पडतात ते ‘स्ट्रगल’ आहेच. पण वाळवंटाच्या कडेला उभे असलेले रोपटे कोरडेपणाशी टिकाव धरते, त्यालाही तो हाच शब्द लावतो. आता मला सांगा, रोपटे दुष्काळाशी कलह कसा करील? कलह नळावर होतो, बांधावर होतो. ‘कलह’ म्हटल्याबरोबर डार्विनचे रोपटे मेले आणि कुत्री तेवढी उरली. नंतर ज्यांनी ‘बळी तो कान पिळी’ हाच सृष्टीचा कायदा म्हणून सांगितला, त्यांची या भाषांतराने आयतीच सोय झाली. ‘झगडणे’ घेतले असते तर दोन्ही साधले असते; आमचा शेतकरी भावाशीही झगडतो आणि दुष्काळाशीही झगडतो.

तीच गत आमच्या चळवळीतल्या शब्दाची झाली. ‘क्लास स्ट्रगल’ला आमच्या वडीलधाऱ्यांनी ‘वर्गकलह’ म्हटले, ‘वर्गविग्रह’ म्हटले. शेवटी ‘वर्गसंघर्ष’ स्थिरावला. संघर्ष हा संस्कृत शब्द. त्यात ‘घृष्’ म्हणजे घासणे हा धातू आहे. दोन अरणी एकमेकींवर घासाव्या आणि ठिणगी पडावी, हे चित्र वाईट नाही. पण मला स्वतःला ‘लढा’ आवडतो. तो शब्द सभेत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. स्वातंत्र्याचा लढा, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, असे म्हणताना कोणाला कोश काढावा लागला नाही. ‘संप’ची हकिकत आणखी निराळी. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा, सलोखा. मुंबईच्या कित्येक गिरणीमालकांची मातृभाषा गुजराती; कामगार ‘संप’ म्हणत तेव्हा त्यांच्या कानांना ते कसे लागत असेल, याची कल्पना करून मी कित्येकदा हसलो आहे.

या संदर्भात आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी खोतीविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली जमिनी पेरण्याचे नाकारले आणि १९३९ पर्यंत ते नाकारीत राहिले. डॉक्टर आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा होता. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. येथे झटापट कोठे आहे? या लोकांनी नांगराला हात लावला नाही, हाच त्यांचा लढा. तरी इंग्रजीत याला ‘स्ट्रगल’ म्हणावे लागेल, आणि ते योग्यच होईल. कारण त्या शब्दाच्या पोटात ठोसा नसून दम आहे. धरलेल्याने पुन्हा पुन्हा सुटू पाहणे, हा त्या शेवटच्या ‘ल’चा अर्थ सहा पावसाळे चालला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप तर रीतसर मागे घेतला गेलाच नाही. माणसे थकून गावी परतली, काही आपल्या या भागातही आली. त्यांना कोणते क्रियापद लावावे हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

सानेगुरुजींच्या एका कादंबरीचे नाव ‘धडपडणारी मुले’ आहे. ‘धडपडणे’ या आपल्या शब्दात ठेचाळून पडणे आणि नेटाने प्रयत्न करणे हे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजाच्या ‘स्ट्रगल’च्या सर्वांत जवळचा शब्द मला हाच वाटतो; फक्त त्यात समोरचा कोणी नसतो. ‘लढणे’, ‘झगडणे’ म्हटले की लगेच ‘कोणाशी?’ असा प्रश्न येतो, आणि आपला ‘शी’ प्रत्यय त्याचे उत्तर मागतो. इंग्रजाचा ‘विथ’ येथे मोठा लबाड. ‘तो कामगारांविथ लढला’ म्हणजे कामगारांच्या विरुद्ध लढला की कामगारांच्या खांद्याला खांदा लावून लढला, हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही. पुष्कळ पुढाऱ्यांच्या चरित्रांना ही सोय उपयोगी पडली असावी.

अलीकडे मात्र मराठीतूनच हा प्रश्न नाहीसा होऊ लागला आहे. मुंबईच्या सिनेमावाल्यांकडून ‘स्ट्रगलर’ आला. काम मिळण्याची वाट पाहणारा नट, असा त्याचा अर्थ. तेथून तो सर्वत्र पसरला. धाटावच्या कंत्राटी कामगारांतला एक तरुण मागच्या महिन्यात मला भेटला. ‘कसे काय?’ म्हटले. म्हणाला, ‘चाललाय स्ट्रगल.’ मी आपला सवयीने विचारले, ‘कोणाशी?’ तो गोंधळला. ‘कोणाशी म्हणजे, दादा? असाच. लाइफमध्ये.’ मी त्याला चहा पाजला आणि पगाराची पावती आणावयास सांगितली. ती त्याने आठ दिवसांनी आणली. भविष्यनिर्वाह निधीची कपात दर महिन्याला झालेली होती. खात्यावर भरणा मात्र निम्म्या महिन्यांचाच होता. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी त्याने ठेकेदाराचे नाव सांगितले, आणि त्याच्याबरोबरचे आणखी अकराजण आहेत हेही सांगितले. त्या बाराजणांचा अर्ज तयार आहे. तो देण्यासाठी मला उद्या सकाळच्या गाडीने निघावयाचे आहे, म्हणून आता आपली रजा घेतो.